नोझल काढण्याआधी बरणी बघा



बंदी उठायला थोडेच दिवस राहिलेत. मगदल्ल्याच्या काठावर रंगकाम, जाळी शिवणं सुरू झालंय आणि पर्वत पाटियाच्या आपल्या ऑफिसात दरवर्षीसारखे उचलीचे अर्ज यायला लागलेत. पहिले चार अर्ज आले, त्यातल्या तिघांवर कारण एकच लिहिलेलं: नोझल खराब, डिझेल पंप खराब, मशीन दुरुस्ती. चौथा जाळ्याचा होता.

तिघांनाही आम्ही एकच विचारलं, टाकीच्या तळाचं डिझेल काढून बघितलं का? तिघेही नाही म्हणाले. एकाने तर आम्हालाच ऐकवलं, "सेक्रेटरीभाऊ, तुम्ही वही सांभाळा, मशीन मिस्त्री बघेल." आता वही सांभाळतो म्हणूनच हे लिहायला बसलोय. वहीत दिसतं की ज्या बोटीची नोझल केली, तीच बोट त्याच हंगामात पुन्हा नोझललाच आली. मिस्त्रीचं काम वाईट नव्हतं. पहिली नोझल ज्या पाण्याने खाल्ली ते पाणी टाकीत तसंच पडून होतं, त्याने दुसरीही खाल्ली.

मागच्या हंगामातली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, बोटीचं नाव घेत नाही. बंदीनंतरची पहिली फेरी. मगदल्ल्यापासून तापीच्या मुखापर्यंत मशीन घड्याळासारखं चाललं. हजिऱ्याच्या बाहेर लाटा लागल्या तसं मशीन धापा टाकायला लागलं, पांढरा धूर आला आणि बंद. तांडेलने हवा काढली, चालू झालं, थोड्या वेळाने पुन्हा बंद. तोवर ओहोटी लागलेली. खंभातच्या आखाताच्या ओहोटीची ओढ आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. बाजूने मोठी जहाजं जात होती, बोटीवर पाच माणसं, त्यात एक पोरगा पहिल्यांदाच आलेला. नांगर धरला म्हणून वाचले. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. काठावर टाकीचं खालचं बूच काढलं तर आधी डिझेल आलंच नाही, पाणीच आलं.

मशीन तापीत चाललं आणि बाहेर का बंद पडलं, हे नीट समजून घ्या, कारण अर्धं निदान इथेच होतं. लिटरभर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं, लिटरभर पाणी एक किलो. म्हणून पाणी खाली बसतं. बोट शांत उभी असली की ते तळाला पडून राहतं आणि ओढीच्या पाईपचं तोंड त्याच्या वर असतं. लाटेने टाकी हलली की पाणी उसळून पाईपात जातं. म्हणजे धक्क्यावर दोन तास मशीन चालवून "ओके आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही. मशीन खाडीत चालतं आणि लाटेत बंद पडतं, तर आधी पाणी शोधा. सुरुवातीपासूनच ओढत नसेल तर गोष्ट वेगळी, तिकडे नंतर येतो.

पाणी आहे की नाही हे बघायला मिस्त्री लागत नाही. बोट रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी टाकीच्या तळाचं आणि फिल्टरच्या वाटीचं थोडं डिझेल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत काढा. अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. दिसत नसेल पण शंका असेल तर खायच्या रंगाची चिमूट टाका, तोच रंग जो घरी जिलेबीत टाकतात. तो पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही. खाली रंगीत थेंब दिसले की समजा. दोन थरांच्या मध्ये काळी शेवाळासारखी साय दिसली तर पाणी जुनं आहे, त्यात जीव वाढलाय. अशा टाकीला नुसतं पाणी काढून भागत नाही, टाकी उघडून पुसावी लागते, नाहीतर दर फेरीला फिल्टर जाम.

आता पाणी आलं कुठून? इथे आमचं आणि बऱ्याच सभासदांचं पटत नाही. प्रत्येकाचा पहिला शब्द, "पंपवाल्याने पाणी घातलं." असं होत नाही असं आम्ही म्हणत नाही. पण पंपावर विचारायचा आपल्याला हक्क आहे. टाकीत काठी बुडवून पाण्याची पेस्ट लावून दाखवा म्हणायचं, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. घनता दाखवा म्हणायचं. हे न करता घरी येऊन शिव्या देण्यात काय फायदा? आणि पंपावरून बोटीपर्यंत आपण काय करतो तेही बघा. पर्वत पाटियाकडून टेम्पोत कॅन जातात, त्यातल्या किती कॅनना झाकण आहे? किती झाकणांच्या जागी पिशवी बांधलेली आहे? कॅन आदल्या दिवशी पाण्याने धुतला, वाळवला का? मार्केटच्या साडीच्या कापडातून डिझेल गाळतो म्हणून निर्धास्त राहू नका. कापडाने कचरा अडतो, पाणी अडत नाही.

ही कॅनची सवय फक्त आपलीच नाही. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महाग झालं, मुंबईत १२२ रुपयांवर गेलं, तेव्हा रस्त्यावरच्या पंपावर तेच ९४ रुपयांना होतं. महाराष्ट्रातल्या मच्छीमार सोसायट्यांचे पंप घाऊकमध्ये धरले गेले आणि बोटवाले ड्रम, कॅन घेऊन रस्त्यावरच्या पंपावर गेले. पैशाने ते बरोबरच होतं. पण डिझेल जितक्या वेळा एका भांड्यातून दुसऱ्यात जातं, तितक्या वेळा पाणी शिरायला वाट मिळते.

आणि खरी मोठी वाट आमच्या मते डेकवरच्या टोपीची. टोपीच्या आतली रबरी रिंग कडक होते, चिरते, दहा-वीस रुपयांची वस्तू. पावसाळाभर त्या टोपीवर पाणी साचतं आणि आत झिरपतं. दुसरी वाट टाकीच्या हवेच्या पाईपची. त्याचं तोंड खाली वळवलेलं नसेल किंवा डेकच्या फार जवळ असेल, तर भरलेल्या बोटीवर लाट आली की खारं पाणी थेट टाकीत. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतल्या दमटपणाचं पाणी धरतं हेही खरं, म्हणून बंदीत टाकी भरून ठेवा म्हणतात. बंदीत टाकी भरून ठेवायला पैसा कोणाकडे असतो, हेही आम्हाला माहीत आहे. मग निदान टोपीवर नवी रिंग आणि वरून घट्ट आच्छादन तरी.

कोणत्या वाटेने आलं ते ओळखायची सोपी खूण आहे. बरणीतला वरचा डिझेलचा थर काढून टाका, खालचं थोडं पाणी स्टीलच्या ताटलीत घेऊन उन्हात वाळवा (डिझेल लागलेलं असतं, चुलीवर ठेवू नका). मागे मिठाचा जाड पांढरा थर राहिला तर समुद्राचं पाणी, म्हणजे टोपी किंवा हवेचा पाईप बघा. फारसं काही राहिलं नाही तर पाऊस, दमटपणा, कॅन नाहीतर पंप. पंपवाल्याशी भांडायचं असेल तर ही ताटली बघून मग जा.

आता गळतीचं. डिझेल खाली टपकताना दिसतं ती गळती सगळ्यांना कळते. न दिसणारी गळती जास्त फसवते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाईप ओढीचा असतो. तिथे क्लिप ढिली असली किंवा पाईप चिरला असला तर बऱ्याच वेळा डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभर उभं राहिलेलं मशीन सकाळी लवकर घेत नाही, हवा काढली की चालतं, दुसऱ्या दिवशी परत तेच, तर तिथेच शोधा. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक पाईप टाका आणि मशीन चालवा. बुडबुडे दिसले तर हवा येतेय. मग एकेक जोड आवळत मागे टाकीकडे जा. फिल्टरचं वॉशर दर वेळी जुनंच लावणारे आपल्यात कमी नाहीत.

पंपाच्या पुढे, नोझलकडे, दाब असतो. तिथे डिझेल बाहेरच येतं. जोड कोरडे पुसून कागद धरा, ओला डाग पडेल. मशीन चालू असताना त्या जोडावर हात धरू नका, बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. आणि ऑइलची काठी बघत जा. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गळती आतल्या आत आहे. त्या मशीनला बाहेर नेऊ नका.

पाणीही नाही, हवाही नाही, तरी मशीन नीट चालत नाही, तर कॅनची परीक्षा. पाच लिटर स्वच्छ डिझेल वेगळ्या कॅनमध्ये, वेगळा पाईप, थेट फीड पंपाला जोडा. परतीचा पाईपही त्याच कॅनमध्ये सोडा. मशीन त्यावर नीट चाललं तर दोष टाकी, पाईप किंवा टाकीकडच्या फिल्टरमध्ये. त्यावरही नाही चाललं, तर मग खुशाल मिस्त्रीला बोलवा आणि पंप, नोझल उघडा.

पेट्रोलच्या आउटबोर्डवाल्यांनी जास्त जपायचं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पिऊन टाकतं, बरणीत दिसतच नाही. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल कमी होतं, आणि मशीन दोन्हींवर नीट चालत नाही. असं पेट्रोल हलवून पुन्हा वापरता येत नाही. जुने रबरी पाईपही इथेनॉलने फुगतात, चिरतात. बंदीआधीचं पेट्रोल टाकीत पडलं असेल तर त्यावर पहिली फेरी करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचते. वास आला तर आधी झाकणं उघडा, हवा खेळू द्या. बिडी, स्विच, काहीही नको.

तर आमचं म्हणणं असं आहे. येत्या बैठकीत ठराव मांडणार आहोत की नोझल किंवा डिझेल पंपाच्या दुरुस्तीसाठी उचल हवी असेल तर अर्जासोबत टाकीच्या तळाची बरणी आणायची आणि कॅनची परीक्षा केली का ते लिहायचं. काही सभासदांना राग येईल. म्हणतील, सोसायटी आमच्यावर विश्वास ठेवत नाही. विश्वासाचा प्रश्न नाही. हा पैसा सगळ्यांचा आहे, आणि दोनदा नोझल केलेली बोट उद्या पुन्हा हजिऱ्याच्या बाहेर बंद पडली तर तिच्यावरची माणसंही आपलीच आहेत. पाण्याची पेस्ट आणि टोपीच्या रिंगा सोसायटीने एकदम आणून सभासदांना खरेदीच्या भावात द्याव्या, हेही त्याच ठरावात आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी बैठकीला येऊन बोलावं, इथे खाली लिहिलं तरी चालेल.

समुद्रात मशीन बंद पडलं तर नांगर टाका, वायरलेसवर चॅनल १६, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. हा नंबर खलाशांच्या घरच्यांनीही लिहून ठेवा.

बरण्या आणताना काचेच्याच आणा, झाकण घट्ट लावा, वर बोटीचं नाव आणि तारीख लिहा. तळाचं काढलेलं घाण डिझेल तापीत ओतू नका, ऑफिसमागे त्यासाठी वेगळा ड्रम ठेवलाय. आणि मागच्या वर्षी एकाने लोणच्याची बरणी न धुता आणली होती, त्यातला थर पाण्याचा की खाराचा हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.