बाकांवरची मालकी सोडा!

परक्याला आत घेऊन परकाच ठेवणारी मंडळी ख्रिस्ताची नव्हे! हे कोणाला झोंबत असेल तर झोंबू द्या. नोकरीसाठी पुण्यात आलेला झारखंडचा मजूर, ईशान्येकडची परिचारिका, खेड्यातून नुकतेच शहरात आलेले कुटुंब रविवारी उपासनेला येते आणि अंग चोरून शेवटच्या बाकावर बसते. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक त्यांच्या हाती कोणी देत नाही. पुढे सरकले तर ‘ही आमच्या घरच्यांची जागा’ असे सुनावले जाते. आशीर्वाद झाला की जुनी घराणी अंगणात घोळके करून उभी राहतात आणि नवख्याची विचारपूस होते ती एका प्रश्नापुरती: आडनाव काय?

हा प्रश्न कशासाठी असतो ते महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही कळते. आडनाव विचारणारा जात विचारतो. हा रोग नवा नाही. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिणेतल्या मंडळ्यांना फर्मान काढून बजावावे लागले की प्रभुभोजनाच्या मेजापाशी जात चालणार नाही. १९३८ च्या पहिल्याच दिवशी सोलापुरात डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजाला त्याच्या तोंडावर हाच दोष दाखवला. २०१६ साली कॅथलिक बिशपांनी दलित सबलीकरणाच्या धोरणात तो उघडपणे कबूल केला. बिशपांनी मान्य केलेले पाप आमच्या पंच कमिट्या अजून का नाकारतात?

आणि आपण कोण होतो? अहमदनगर, जालन्याच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या गावकुसाबाहेरच्या माणसांवर. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, ते महार-मांग इथे पहिल्यांदा इतरांच्या मांडीला मांडी लावून बसले. दुष्काळाने उघड्यावर टाकलेल्या शेकडो मुलींना पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून केडगावला आणले. ना त्यांची भाषा एक, ना जात एक. रमाबाईंनी त्यांना घर दिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ साली ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही त्यात जागा दिली. या माणसांच्या तसबिरी भिंतीवर लावायच्या आणि त्याच भिंतीखाली नवख्याला एकटे बसवायचे, हा त्यांच्याशी केलेला द्रोह आहे! याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नेमका याच पापावर बोट ठेवतो: सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि फाटक्या वस्त्रातल्याला पायाशी. तो अध्याय आपण व्यासपीठावरून वाचतो आणि वाचून होताच मोडतो.

काहीजण म्हणतात, दिवस वाईट आहेत. अनोळखी माणूस कोण, कशासाठी आला, कोणी सांगावे? ही भीती खोटी नाही. २००८ साली ओडिशातल्या कंधमाळमध्ये चर्च जळाली, माणसे मारली गेली, हजारो लोक जंगलात पळाले. पण जीव वाचवून परमुलखात पोचलेला तो कंधमाळचा माणूससुद्धा तिथल्या मंडळीला अनोळखीच होता ना? भीतीपोटी दार लोटले की पहिला मार बसतो तो सर्वात घाबरलेल्या माणसाला. आणि कोणापासून लपवावे असे उपासनेत आहे तरी काय? ती उघडपणेच व्हायला हवी.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. घराण्यांच्या राखीव जागा येत्या रविवारपासून बंद करा. दारात पंचांपैकी एकाने उभे राहावे, नवख्याला स्वतः पुढे नेऊन बसवावे आणि आडनाव विचारू नये. महिन्यातून एकदा उपासनेनंतर सर्वांनी एका पंगतीत जेवावे. वाढणारे जुन्या घराण्यांतले असावेत. बाहेरगावाहून आलेल्यांना वर्षभरात मतदानाचा हक्क आणि पंच कमिटीत जागा मिळावी. दफनभूमीत वर्गणीची थकबाकी किंवा परप्रांत दाखवून कोणाचे प्रेत अडवले जाऊ नये. हे ठराव पुढच्या वार्षिक सभेत मांडा, हात वर करून मते घ्या आणि विरोधात गेलेल्यांची नावे इतिवृत्तात लिहा.