हृदयरुग्णाच्या ताटाविषयी पिंपळगाव रेणुकाईच्या ग्रामस्थांस विनंती



ज्या घरातील माणूस हृदयविकाराच्या झटक्यातून बचावून रुग्णालयातून परत आला आहे, त्या घरात शस्त्रक्रियेच्या खर्चाची तजवीज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कदाचित झालेली असते, गोळ्यांचा बंदोबस्तही झालेला असतो. परंतु मीठ आणि तेल कमी करण्याची डॉक्टरांची ताकीद पाळण्याचा भार मात्र एकट्या रुग्णावर पडतो, आणि आमच्या मते पथ्य मोडते ते बहुधा येथेच. इतरांच्या ताटात झणझणीत रस्सा आणि आपल्यापुढे अळणी वरण, हा भेद माणूस पंधरा दिवस सोसतो आणि मग निमूटपणे सर्वांबरोबर जेवू लागतो. सबब पथ्य साऱ्या घराने पाळावे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहूनही थोडे कमी, मीठ सांगितले आहे ते धडधाकट प्रौढांसाठीसुद्धा.

हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे ज्या गावाचे नाव दूरवर गेले, तेथे मिरची सोडा असे आम्ही सांगत नाही. अपाय होतो तो ठेच्यात मिरचीबरोबर वाटल्या जाणाऱ्या मिठाने, लोणच्या-पापडांनी आणि पुनःपुन्हा तापविलेल्या तेलातील भज्यांनी. उलट तिखट, लसूण, लिंबू यांच्या आधाराने मीठ कमी केलेली मटकीची उसळ भाकरीबरोबर गोड लागते, आणि काही आठवड्यांत जीभही वळते. बाजारातील कमी सोडियमचे मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते व मूत्रपिंडाच्या रुग्णांस ते घातक ठरू शकते.

रुग्ण स्त्री असेल तर तिची अवस्था अधिक बिकट होते. सर्वांच्या आवडीचे रांधून ती शेवटी उरलेसुरले खाते, एकादशीला तेलकट साबुदाणा खिचडीवर दिवस काढते, आणि तिच्या पथ्याची विचारपूस करणारे घरात कोणी नसते. पुरुषांनी व मुलांनी ती जबाबदारी आपण होऊन घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

लग्नात आणि तेराव्याला ‘एवढ्याने काय होते’ म्हणून ताटात जिलबी टाकणारा हात प्रेमाचाच असतो. तरी ज्याने नको म्हटले त्यास पुन्हा आग्रह करू नये. पंगतीत पानावर मीठ वाढण्याचा आपला शिरस्ता आहेच, तेव्हा वरण-भाजीत मीठ बेताचे घालण्यास यजमानांनी आचाऱ्यास आगाऊ सांगावे; ज्यास हवे तो पानातले घेईल.