घरातील यंत्रे : नवी पट्टी, काळा पडदा

पेडण्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. डिचोलीस शिकणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांनी सुटीत जुन्या लॅपटॉपमध्ये स्वहस्ते रॅमची नवी पट्टी बसविली. तेव्हापासून दिवा लागतो, पंखा घरघरतो, परंतु पडदा काळाच्या काळा! त्यांच्या दिवंगत सासऱ्यांनी म्हटलेली दशावतारी पदे त्याच यंत्रात मुद्रित असून त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. पदे गेली काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम दिलासा. पदे रॅममध्ये नसतात, ती डिस्कवर असतात. रॅम ही यंत्राची कामाची पाटी. वीज गेली की ती आपोआप पुसली जाते. पट्टी चुकीची बसली म्हणून डिस्कवरचा मजकूर नाहीसा होत नाही.

आता उपाय. चार्जर काढावा, झाकण उघडून आतील बॅटरीची जोडणी सोडवावी आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मग नवी पट्टी काढून केवळ जुनीवर यंत्र चालवून पाहावे. ते सुरू झाले, तर जुन्या पट्टीच्या जागी नवी एकटीच बसवावी. तीही चालली, तर दोष दुसऱ्या खाचेत किंवा दोन पट्ट्यांच्या जोडीत आहे. न चालली, तर पट्टीतच. पट्टी तिरपी सरकवून खाली दाबताना दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. पुष्कळ तक्रारी येथेच मिटतात. नवी पट्टी घातल्यावर पहिल्या खेपेस काही यंत्रे दोन-चार मिनिटे गप्प राहतात. तेवढा धीर धरावा.

एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. २०१३ नंतरच्या पुष्कळ लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची डीडीआर-३ एल पट्टी लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर-३ त्याच खाचेत बिनतक्रार बसते, पण यंत्र जागे होत नाही. तेव्हा जुन्या पट्टीवरील अक्षरे भिंग घेऊन वाचावीत.

आपल्याकडे पावसाळ्यात सारेच सादळते, तशी पट्टीची सोनेरी टोकेही मळतात. ती खोडरबराने घासण्याची चाल आहे; हरकत नाही, मात्र हात हलका हवा, कारण मुलामा फार पातळ असतो, आणि रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नये. डिचोलीकडील यंत्रांच्या पंख्यांत खाणमार्गाची तांबडी धूळ आढळते. झाकण उघडलेच आहे, तर तीही मऊ कुंचल्याने काढावी.

जुन्या पट्टीवरही पडदा काळाच राहिला, तर झाकण लावताना पडद्याची चपटी तार सुटली काय, ते पाहावे. एखादा लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला असल्यास तो खालच्या पाटीत रुतू शकतो.

खरा धोका पुढे आहे. या खटपटीत बायोसची मांडणी बदलली असेल, तर विंडोज कधी कधी ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठविलेली सापडते. कंटाळून 'सर्व पुसून नव्याने सुरुवात' हा पर्याय मात्र निवडू नये; पदे जातील ती तेथे!

यंत्र सुरू होऊनही मध्येच थिजत असेल, तर नवी पट्टी आत ठेवून फायली उतरवू नयेत. सदोष स्मृतीतून जाणारी प्रत बिघडू शकते. जुन्या पट्टीवरच यंत्र चालवून पदे आधी बाहेरच्या दोन ठिकाणी उतरवावीत आणि दोन्ही प्रती शेवटपर्यंत ऐकून पाहाव्यात.

विंडोज १०चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, म्हणून अनेकांना हा खटाटोप सुचतो. परंतु विंडोज ११ला रॅमखेरीज टीपीएम २.० आणि चालण्याजोगा प्रोसेसरही लागतो. चिरंजीवांनी ते आधी तपासावे. नाही तर पट्टी परत करण्याची मुदत अजून असेल, ती साधावी.