आधी वाचू द्या, मग लिहायला सांगा

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिलीपासून शिकवला जाऊ लागला. सधनांच्या मुलांना जे मिळते ते कष्टकऱ्यांच्या मुलांनाही मिळावे, ही त्यामागची भूमिका समतेचीच होती. परंतु दहा वर्षे इंग्रजी शिकूनही असंख्य मुलांना स्वतःच्या मनातील चार वाक्ये त्या भाषेत लिहिता येत नाहीत. गाईडमधला निबंध पाठ करायचा आणि उत्तरपत्रिकेत उतरवायचा, एवढाच त्यांचा इंग्रजी लेखनाशी संबंध उरतो. त्यावर उपाय म्हणून व्याकरणाचे तास आणि सरावाच्या वह्या तेवढ्या वाढवल्या जातात.

फिजीचा अनुभव निराळा मार्ग दाखवतो. ब्रिटिशांनी १८७९ ते १९१६ या काळात हिंदी मजुरांना करारात बांधून उसाच्या मळ्यांवर नेले, तोच हा देश. तेथील खेड्यांतील मुले घरी फिजियन किंवा हिंदी बोलत. इंग्रजीशी त्यांची गाठ पडे ती मुख्यतः शाळेतच. १९८० साली वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी तेथील काही ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे अडीचशे सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत शिक्षक मुलांसह गोष्ट वाचून तिच्यावर बोलत, तर काही वर्गांत मुले रोज वीस-तीस मिनिटे आपापली वाचत. तुलनेसाठी घेतलेल्या वर्गांत वाक्ये घोटून घेण्याची नेहमीची पद्धतच चालू राहिली. पुस्तके मिळालेल्या मुलांचे वाचन पहिल्याच वर्षी जवळजवळ दुप्पट वेगाने सुधारले आणि दुसऱ्या वर्षाअखेर ती लेखनातही इतरांच्या पुढे गेली.

यात चमत्कार काही नाही. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना तर मराठीत जोडच नाही. अशा गोष्टींचा नियम एका तासात सांगता येतो, पण त्या अंगवळणी पडतात त्या शेकडो वाक्ये अर्थासह भेटल्यावरच. अर्थात पुस्तके मुलांना झेपतील अशी सोपी हवीत, आणि वाचलेल्या गोष्टीचा वेगळा शेवट त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा, असा आग्रह धरणारा शिक्षकही हवा. मातृभाषेतील वाचनाची गोडी तर त्याआधीच लागायला हवी.

तेव्हा हा प्रश्न अध्यापनपद्धतीइतकाच वाटपाचाही आहे. सधन घरात पुस्तकांचे कपाट असते. शेतमजुराच्या मुलाला बहुधा पाठ्यपुस्तकाखेरीज इंग्रजी पुस्तकच दिसत नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली प्रत्येक शाळेत ग्रंथालय, आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही, असणे आवश्यक ठरवले. तरी पुस्तके फाटतील या धास्तीने कपाटाला कुलूप घालणाऱ्या शाळा कमी नाहीत. त्याच कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यकर्त्यांनी या पालकांना सोबत घेऊन आपल्या गावच्या शाळेत तीन प्रश्न विचारावेत: गोष्टींची पुस्तके किती आहेत, ती मुलांच्या हाती कधी पडतात आणि वेळापत्रकात वाचनाचा तास कोणता? उत्तरे मिळेपर्यंत प्रत्येक बैठकीत ते पुन्हा विचारावेत.