रक्ताची साक्ष निष्कलंक हवी

शिर्डी आणि शनिशिंगणापूरला निघालेले भाविक, उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कांद्याचे ट्रक आणि सायकलवरून शाळेला जाणारी मुले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर ही वर्दळ अहोरात्र चालते. अशा रस्त्यावर मद्यप्राशन करून वाहन हाकणे म्हणजे परक्याच्या प्राणांशी मांडलेला जुगार होय. त्याला कठोर शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो गुन्हा सिद्ध कशाच्या बळावर करायचा, हा!

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र याच कायद्याने चालकालाही हक्क दिले आहेत. अटकेनंतर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावे लागते. रक्त घेताना त्वचेला स्पिरिट लावू नये, नमुना मोहोरबंद करावा, असे दारूबंदी कायद्याखालील १९५९ चे नियम सांगतात. तोंडाला येणारा वास आणि अडखळती चाल एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच स्पष्ट केले.

ही कलमे म्हणजे मद्यपींना दिलेली पळवाट, असे काहींना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. रक्तातील मद्यांश तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने ओसरतो. अपघातसमयी ९० मिलिग्रॅम मद्यांश असलेला चालक चार तासांनी कायद्याच्या लेखी शुद्धीवरचा ठरू शकतो! म्हणजे वेळेचे बंधन निरपराध चालकाचे जेवढे रक्षण करते, तेवढेच मृताच्या कुटुंबाचेही करते.

ते बंधन आणि ती मोहोर सैल झाली की काय घडते, हे शेजारच्या पुण्याने पाहिले. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्यानंतर ससून रुग्णालयात अल्पवयीन चालकाचा रक्तनमुनाच बदलला गेल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी डॉक्टरांना अटक केली. न्यायनिवाडा न्यायालय करील. पण पैशाच्या बळावर रक्तही बदलता येते, ही शंका समाजमनात रुजली, हे नुकसान कसे भरून निघणार?

आपल्या जिल्ह्यानेही निश्चिंत राहू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये पांगरमलला निवडणुकीच्या मेजवानीतील विषारी दारूने बळी घेतले, तेव्हा तपासाचे धागे थेट जिल्हा रुग्णालयाच्या उपाहारगृहापर्यंत पोहोचले होते. जेथे साक्ष जपायची, तेथेच कुंपण शेत खाऊ लागले तर कायद्याची पुस्तके काय कामाची?

म्हणून प्रत्येक नमुन्याची वेळ, तो घेणाऱ्याचे नाव आणि मोहोर यांची चोख नोंद झालीच पाहिजे. अपघातस्थळी प्रथम धावून जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी जखमींना मदत करतानाच चालकाची तपासणी तातडीने व्हावी, असा आग्रह धरावा. व्यसनाविरुद्ध उभे राहण्याचा वारसा राळेगणसिद्धीने या जिल्ह्याला दिलाच आहे. ज्या लोकमातेचे नाव जिल्ह्याने २०२४ मध्ये धारण केले, तिची कीर्ती निःपक्ष न्यायासाठी आहे. श्रीमंताचे आणि ट्रॅक्टरचालकाचे रक्त एकाच तराजूत तोलले जाईल, तेव्हाच ते नाव सार्थ ठरेल.