कायद्याची ओळख : पंचनाम्यावर सही करण्याआधी

मोहल्ल्यात चोरी किंवा मारामारी झाली की पोलीस आसपासच्या दोघांना बोलावतात, "पंच म्हणून चला." पुष्कळ जण दार लावून घेतात. काही जण जातात, पण न वाचताच सही करून परततात. दोन्ही प्रकारांत नुकसान इन्साफाचेच होते.

पंच हा ना फिर्यादीचा, ना आरोपीचा, ना पोलिसांचा. जे समोर दिसले त्याचा तो साक्षीदार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे झडतीच्या वेळी त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा ठरतो.

पंच म्हणून गेलात तर काय पाहावे?

वस्तू कुठे पडली होती, ती कोणी उचलली, उचलणाऱ्याने हातमोजे घातले होते का, हे लक्षात ठेवा. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात गेली पाहिजे. रक्ताचे ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे असतात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, रक्त कुजते आणि डीएनए तपासणीला काही उरत नाही. पाकीट तुमच्यासमोर लाखेने सीलबंद व्हावे आणि त्यावरच्या चिठ्ठीवर तुमची सही असावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक आहे, तेही शक्यतो मोबाइलवर. जप्त वस्तूंची यादी आणि पंचांच्या सह्या यांचेही चित्रीकरण व्हायला हवे. ज्याच्या घराची झडती होते, त्याला हजर राहण्याचा आणि यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे.

कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका. आपल्याकडे बऱ्याच वडीलधाऱ्यांना उर्दू वाचता येते, मराठी नाही. त्यांनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. सुरू केल्याची व संपवल्याची वेळ बरोबर लिहिली आहे का, तेही पाहावे. जे पाहिले नाही ते लिहिले असेल, तर नम्रपणे दुरुस्त करायला सांगावे.

याचे मोल पुढे कळते. पाकीट ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जाते, तिथून प्रयोगशाळेत. तिथे सील शाबूत आहे का आणि नमुना सीलशी जुळते का, हे तपासतात. मग काही वर्षांनी कोर्टात वकील विचारतो, "सील तुमच्यासमोर लागले का? सही कुठे केलीत?" पंचाने "ठाण्यात, न वाचता" असे म्हटले की त्या जप्तीवरचा विश्वास डळमळतो आणि खरा गुन्हेगार संशयाचा फायदा घेऊन सुटू शकतो. उलट, एखाद्या निरपराध मुलाच्या खोलीत न सापडलेली वस्तू कागदावर "सापडली", तर त्याच्या बाजूने बोलू शकणारा माणूसही पंचच असतो.

पुरावा ही अमानत आहे. ती ज्यांच्या डोळ्यांसमोर सीलबंद होते, त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि सही सर्वांत शेवटी करावी.