कटप्पाचा प्रश्न सगळ्यांना पडला, देवसेनेचा कुणाला?

जुलै २०१५ ते एप्रिल २०१७, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, सारा देश एकच प्रश्न विचारत होता : कटप्पाने बाहुबलीला का मारले? पानठेल्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तोच प्रश्न. एस. एस. राजामौली यांनी पहिल्या भागाच्या शेवटी तो मुद्दामच टांगून ठेवला होता. पण त्याच पहिल्या भागात एक बाई भर चौकात पंचवीस वर्षे साखळदंडात आहे आणि काटक्या गोळा करते आहे. देवसेनेला का बांधले, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. बांधलेली बाई आपल्या नजरेच्या इतकी सवयीची आहे की तिचे कोडे कुणाला पडतच नाही.

मुकुटबनला आमच्या गटाने दोन्ही भाग नुकतेच ओळीने पाहिले. आमचा झरी जामणी तालुका पैनगंगेकाठचा. पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. तेलुगू सिनेमा इथे परका नाही, आणि 'बाहुबली' तर पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा लाडका. मलाही तो आवडतो, हे आधीच सांगून टाकते. पण सुटे प्रसंग पाहणे वेगळे आणि साडेपाच तासांची गोष्ट सलग पाहणे वेगळे. सलग पाहिल्यावर दिसते की या गोष्टीला प्रत्येक वळण बाईमुळे मिळते, आणि प्रत्येक वळणावर तिच्या हातातले काम काढून पुरुषाच्या हातात दिले जाते.

शिवगामीच पाहा. अंगावर दूध पिणारी दोन बाळे घेऊन ती सिंहासनावरून हुकूम सोडते, तेव्हा आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवू नयेत? पदरात मूल आणि हातात सत्ता, हे चित्र आपल्याला कितीदा बघायला मिळते? पण ती राज्य सांभाळते ते मुलगा मोठा होईपर्यंत. ती स्वतःच राणी म्हणून का राहत नाही, हा विचार माहिष्मतीत कुणाच्या मनातही येत नाही. सरपंचबाईची खुर्ची 'सांभाळणारे' नवरे पाहिलेल्या आपल्याला हे नवे नाही.

देवसेनेचा गुन्हा काय? तिने नाही म्हटले. दागिन्यांची ताटे पाठवून घातलेली मागणी तिने धुडकावली, आणि मुलीची मर्जी न विचारता लग्न कसे ठरवता, असे भर दरबारात राजमातेला विचारले. पुढे देवळात बायकांच्या रांगेत अंगाला हात लावत फिरणाऱ्या सेनापतीची तिने बोटे छाटली. त्याबद्दल तिलाच बेड्या घालून दरबारात उभे केले. तिथे बाहुबली म्हणतो की बोटे नव्हे, मुंडके छाटायला हवे होते, आणि छाटतोही. थिएटर दणाणते ते या क्षणी. म्हणजे बाईने स्वतःच्या हिमतीने केलेली गोष्ट एका वारात नवऱ्याच्या खात्यावर जमा झाली. त्या रांगेत आणखीही बाया होत्या. त्यांच्यावर काय गुदरले, हे दरबारात कुणी विचारत नाही. न्याय म्हणजे तलवार चालवणे असे एकदा ठरले की साक्ष देणाऱ्या बाईची गरजच उरत नाही.

आता अवंतिका. ती बंडखोरांच्या तुकडीतली लढवय्यी. देवसेनेला सोडवण्याची कामगिरी तिने मिळवलेली. नायक तिच्या नकळत तिच्या हातावर, खांद्यावर चित्रे काढतो. मग ती तलवार घेऊन अंगावर आली की झटापटीत तिचे केस सोडतो, कपडे बदलतो, ओठ रंगवतो, आणि तिचे प्रतिबिंब तिला दाखवतो : बघ, तू बाई आहेस. आणि ती प्रेमात पडते! पत्रकार ॲना एम. एम. वेट्टिकाड यांनी २०१५ सालीच या प्रसंगाला बलात्कार म्हटले, तेव्हा बराच गदारोळ झाला. आमच्या गटातही दोन मते पडली. मी एवढेच विचारले की हेच दृश्य गाणे काढून पाहिले तर काय दिसेल? बाईचा पाठलाग आणि तिचे कपडे उतरवणे हे २०१३ च्या दुरुस्तीपासून कायद्याने स्वतंत्र गुन्हे आहेत. त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या सिनेमात तेच प्रेम म्हणून दाखवले गेले. शेवटी तिची कामगिरीही नायकच उचलतो, आणि दुसऱ्या भागात अवंतिका जवळजवळ नाहीशी होते.

३१ ऑक्टोबर २०२५ ला दोन्ही भाग जोडून, छाटून, एकच सिनेमा पुन्हा थिएटरांत आला. त्यात लांबी आटोक्यात ठेवण्यासाठी अवंतिकेची प्रेमकहाणी कापली. आक्षेपार्ह दृश्य गेले, पण त्याबरोबर बाईही गेली. चूक दुरुस्त करण्याची ही रीतही आपल्या ओळखीची आहे. छेड काढणाऱ्या पोराला कुणी काही म्हणत नाही, पोरीची मात्र शाळा सुटते.

मला सगळ्यात जास्त टोचली ती एक बारीकशी गोष्ट. भल्लालदेवाला भद्र नावाचा मुलगा आहे. त्याची आई कोण, हे दोन्ही भागांत कुठेच कळत नाही. पडद्यावर बाप आहे, आई गायब. आमच्या तालुक्यात नेमके उलटे आहे. झरी जामणीचे नाव राज्यभर वर्तमानपत्रांत गाजले ते कुमारी मातांमुळे. कोलाम पोडांवरच्या मुली, कामाधंद्याच्या निमित्ताने बाहेरून आलेले पुरुष, लग्नाचे वचन, आणि मग मूल पदरात टाकून निघून गेलेला बाप. तिला 'कुमारी माता' हे नाव आहे. त्याला काय म्हणायचे? त्याच्यासाठी भाषेत शब्दच नाही.

सिनेमातले कालकेय आठवा : काळेकुट्ट, रानटी, न समजणाऱ्या भाषेत ओरडणारे, आणि त्यांचा राजा शिवगामीबद्दल घाणेरडे बोलणारा. बाईच्या अब्रूला धोका रानातून येतो, असे हे चित्र सांगते. आमच्या तालुक्यात धोका रानात आला तो बाहेरून, गाडीत बसून.

म्हणून सिनेमा पाहू नका असे मी म्हणणार नाही. उलट गटात, किशोरी शिबिरात तो एकत्र बसून पाहा, आणि तीन ठिकाणी थांबवा. अवंतिकेजवळ थांबून विचारा : तिने हो कधी म्हटले? दरबारात थांबून विचारा : रांगेतल्या बायांची साक्ष कुठे आहे? भद्रजवळ थांबून विचारा : याची आई कुठे? आणि तिथेच कायदाही सांगा. लग्नाचे खोटे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही बापाकडून पोटगी मागण्याचा हक्क आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. मुलगी आदिवासी आणि पुरुष बिगरआदिवासी असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लावता येतो.

देवसेनेने पंचवीस वर्षे वाट पाहिली ती मुलगा येऊन सोडवील म्हणून. आपल्या पोरींना बाहुबलीची वाट पाहायला लावायची नसेल, तर नाही म्हणणाऱ्या पहिल्या पोरीच्या बाजूला, त्याच दिवशी, आपण दहाजणींनी उभे राहायला हवे.